‘कळलं का?’ – ‘हौ.’
धर्माबादच्या मोंढ्यात मिरचीचा भाव बोटांवरही कळतो. औषधाच्या चिठ्ठीचं तसं नाही. गावाला खेटून तेलंगण, म्हणून कुणी निजामाबादला दाखवतो, कुणी नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय दवाखान्यात. चिठ्ठी इंग्रजीत, डॉक्टर मराठीत नाहीतर तेलुगूत, मेडिकलवाला दखनीत. त्यात ‘मात्र’ म्हणजे तेलुगूत गोळी आणि आपल्याकडे ‘पण’! तरी ‘कळलं का?’ विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘हौ.’ या ‘हौ’वर माझा विश्वास कधीच नव्हता. २००६ साली अमेरिकेत ३९५ रुग्णांवरचा एक अभ्यास छापून आला. ‘दोन गोळ्या, दिवसातून दोनदा’ ही सूचना कमी वाचता येणाऱ्यांपैकी सुमारे ७१ टक्क्यांनी बरोबर सांगितली. दिवसभराच्या गोळ्या मोजून दाखवा म्हटल्यावर जेमतेम ३५ टक्के बरोबर निघाले. आणि तिथे तर रुग्ण नि बाटलीवरची चिठ्ठी, दोघांची भाषा एकच होती. आपल्याकडे २०१६ साली भारतीय वैद्यक परिषदेने औषधांची नावं सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहायला सांगितली. चांगलंच झालं, पण अक्षरं इंग्रजीच ना! त्यापेक्षा पाकीट फोडून गोळ्या टेबलावर ठेवाव्यात आणि म्हणावं, ‘मावशी, उद्या दिवसभरात किती घेणार, तेवढ्या काढा बरं.’ मावशींनी दोनच काढल्या, तर अजून रांग पुढे सरकवायची नाही.