फोटो कोणी काढला?

अंबडच्या एका ख्रिस्ती घरात अलीकडे एक वाद झाला. बारावी शास्त्र शाखेतून उत्तीर्ण झालेला मुलगा म्हणाला, "मला गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची छायाचित्रे काढायची आहेत." अंबडला दत्तजयंतीच्या संगीत समारोहाची परंपरा आहे. त्या मांडवात कडेला उभा राहून तो तबलजीचा चेहरा न्याहाळत बसला होता, आणि तिथूनच हे वेड डोक्यात शिरले. वडिलांनी कॅमेरा कपाटात ठेवून कुलूप लावले. "नाचणाऱ्या-गाणाऱ्यांचे फोटो काढणे हा काय व्यवसाय झाला? बी.एस्सी. कर, बी.एड. कर, मास्तर हो." मुलाची समजूत घालायला मला बोलावले होते. मी मुलाची समजूत घातली नाही. वडिलांशीही त्या दिवशी नीट बोलता आले नाही, कारण जेवणाची ताटे वाढली होती. तेव्हाचे राहिलेले आता लिहितो.

बी.एस्सी.चाच आग्रह असेल, तर गौतम राजाध्यक्ष यांचे उदाहरण घ्या. १९५० साली जन्मलेला हा मराठी माणूस मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून, म्हणजे आपल्या जेज्वीट धर्मगुरूंच्या संस्थेतून, रसायनशास्त्र घेऊन पदवीधर झाला. तेथेच त्याने काही काळ शिकवलेही. म्हणजे आमच्या भाऊंच्या स्वप्नातली मास्तरकी त्याच्या हाती आलेली होती! ती सोडून १९७४ साली तो लिंटास या जाहिरातसंस्थेच्या छायाचित्र विभागात गेला आणि पुढे त्या विभागाचा प्रमुख झाला. १९८० च्या सुमारास शबाना आझमी, टीना मुनीम, जॅकी श्रॉफ यांची व्यक्तिचित्रे त्याने टिपली. तरीही नोकरी सुटली ती १९८७ साली. तेरा वर्षे! 'बटण दाबले की फोटो निघतो' असे म्हणणाऱ्यांनी ही तेरा वर्षे मोजावीत. पुढे 'चंदेरी' या मराठी नियतकालिकाचे संपादन, 'बेखुदी' आणि 'अंजाम' या चित्रपटांच्या पटकथा, १९९७ सालचा 'फेसेस' हा ग्रंथ. लता मंगेशकरांचा चेहरा आपल्यापैकी कित्येकांच्या मनात आहे तो राजाध्यक्षांनी दाखवलेला. फक्त तो कोणी दाखवला हे आपल्याला ठाऊक नसते. १३ सप्टेंबर २०११ रोजी ते गेले.

त्यांच्या कलेवर आक्षेप घेता येतो, आणि मीही घेतो. त्या मऊ प्रकाशात सगळेच सुंदर दिसतात. वयाने, दुःखाने, रियाजाने चेहऱ्यावर ओढलेल्या रेघा कधीकधी त्या प्रकाशात विरघळून जातात, आणि मला त्या रेघा हव्या असतात. पण समोरच्या माणसाला त्याच्या उत्तम रूपात पाहण्याचा हट्ट हा दोष असेल, तर तो दयाळू दोष आहे.

आता 'हे सारे ऐहिक, दिखाऊ' या आक्षेपाकडे येऊ. प्रायश्चित्तकाळात आपण क्रुसाची वाट चालतो. सहाव्या स्थानी थांबून काय आठवतो? एका स्त्रीने पुढे होऊन ख्रिस्ताचा घामाने-रक्ताने माखलेला चेहरा पुसला आणि तो चेहरा तिच्या वस्त्रावर उमटला. त्या वेरोनिकेला छायाचित्रकारांची आश्रयदाती संत मानतात. चेहरा जपून ठेवणे ही सेवा आहे, हे ज्या श्रद्धेत वाटेवरच सांगितले आहे, त्या श्रद्धेच्या माणसांनी कॅमेऱ्याला कुलूप घालावे? पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९९ च्या ईस्टरला जगातील कलावंतांना उद्देशून पत्र लिहिले. त्यात छायाचित्रकार बसत नाहीत, असे म्हणायला मला तरी आधार सापडलेला नाही.

खरे दुखणे श्रद्धेचे नाहीच. ते व्यवहाराचे आहे. प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकार असो, सण असो वा लग्न, "अरे, तुझ्याकडे कॅमेरा आहे ना? येताना घेऊन ये," एवढ्यावर आपले काम भागते. मांडववाल्याला पैसे, आचाऱ्याला पैसे, बँडवाल्याला पैसे. फोटो काढणाऱ्या मुलाला जेवण. मग तोच फोटो स्मरणिकेत छापताना देणगीदारांची नावे ठळक अक्षरांत येतात आणि छायाचित्रकाराचे नाव कुठेच नसते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात छायाचित्र घेणाऱ्यालाच त्या कृतीचा कर्ता म्हटले आहे. पैसे देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राची मालकी सहसा पैसे देणाऱ्याकडे जाते, हे खरे. पण 'ही माझी कृती आहे' असे सांगण्याचा कर्त्याचा हक्क तेव्हाही उरतो. शिवाय २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्रालाही कथा-कवितेप्रमाणे कर्त्याच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षे संरक्षण आहे. कवितेखाली कवीचे नाव गाळले तर संपादकांना किती पत्रे येतील?

पोटापाण्याची भाऊंची काळजी मात्र मी हसण्यावारी नेत नाही. प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आल्यापासून गावोगावचे स्टुडिओ ओस पडले. नटनट्या मुंबईत राहतात आणि अंबडहून मुंबई लांब आहे. राजाध्यक्षांच्या मागे मुंबई होती, महाविद्यालय होते, ओळखी होत्या; या मुलाच्या मागे यातले काहीच नाही. तो उद्या अपयशी ठरू शकतो. पण मास्तरकीच्या नेमणुकीसाठी वर्षानुवर्षे ताटकळणारे बी.एड. झालेले तरुणही आपल्याच घरांत आहेत. त्यांच्या कपाटांना कोणी कुलूप लावले नाही.

आणि कलावंत फक्त मुंबईतच असतात का? आमच्या गायकवृंदात चाळीस वर्षे पेटी वाजवणारे एक काका गेल्या वर्षी वारले. शोकसभेसाठी फोटो शोधू लागलो. भात्यावर हात, डोळे मिटलेले, असा एकही फोटो निघाला नाही. अखेर आधारकार्डावरचा फोटो मोठा करून आणला. त्यात ते कोणा संशयितासारखे भेदरून पाहत होते. त्यांच्या पत्नीने तो पाहिला आणि हार घालण्याआधी हळूच भिंतीकडे वळवून ठेवला.

भाऊंनी कपाट उघडावे. मुलाने पुढच्या रविवारी मिस्सापूर्वी अर्धा तास यावे. ढोलकीवाले आणि नवे पेटीवादक तेव्हा सूर लावीत असतात. त्याला मोबदला मिळेल, तो मी देतो. आणि या अंकात जी छायाचित्रे आहेत, त्यांच्याखाली कोणाचे नाव आहे का, हे वाचकांनी पाने उलटून पाहावे आणि नसेल तर संपादकांना लिहावे.