कार्यानुभवाचा तास परत मागू या

आपल्या गावातल्या, वाडीवरच्या किंवा वॉर्डातल्या कोणत्याही प्राथमिक शाळेत जा आणि भिंतीवरचं वेळापत्रक वाचा. भाषा आहे, गणित आहे, इंग्रजी आहे, परिसर अभ्यास आहे. आणि कडेला, दुपारच्या शेवटच्या तासाला किंवा शनिवारच्या सकाळच्या शाळेत, कला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षण. कागदावर सगळं जागच्या जागी.

मग मुलांना विचारा, या महिन्यात मातीकाम कधी झालं? चित्रं कधी काढली? पुष्कळ ठिकाणी मुलं एकमेकांकडे बघतात. त्या तासाला चाचणीचा सराव झालेला असतो, नाही तर शिष्यवृत्तीची प्रश्नपत्रिका सोडवून घेतलेली असते, नाही तर बाई मोबाइलवर कुठल्या तरी लिंकमध्ये माहिती भरत होत्या आणि वर्ग गप्प बसून होता.

हा तास बंद करा, असा आदेश कुणी काढलेला नाही. आदेश निघाला असता तर आपण भांडलो तरी असतो. इथे तास रोज थोडा थोडा जातोय आणि कुणाच्याच नावावर ते पाप लागत नाही.

नोंदी मात्र चोख असतात. २०१० साली राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, ते मुळात फार चांगल्या हेतूने. प्रत्येक मुलाकडे बारकाईने बघावं आणि त्याच्याविषयी आपल्या शब्दांत लिहावं, अशी अपेक्षा होती. आज वर्णनात्मक नोंदींच्या तयार पुस्तिका बाजारात मिळतात. ‘चित्रात रंग आकर्षक भरतो’ हे वाक्य कितीतरी प्रगतिपुस्तकांवर दिसेल, आणि त्या मुलाच्या हाती वर्षभरात रंगाची पेटी आलेली नसेल. यात शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. चार इयत्ता, दोन शिक्षक, पोषण आहाराचा हिशेब आणि वरून रोज येणारे निरोप एवढं सांभाळणाऱ्या माणसाकडून काहीतरी सुटणारच. जे कुणी विचारत नाही ते आधी सुटतं. आणि हे तास आपण विचारत नाही.

आपल्याला वारसा कुठला आहे ते तरी बघा. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शाळेत काय शिकवावं हे नेमकं सांगितलं होतं. मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल आणि व्याकरणाची तोंडओळख, शेतीचं प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्याचे धडे. खेड्यातल्या शाळेत विषय शहरापेक्षा कमी असले तरी चालतील, पण ते व्यवहाराला कमी उपयोगी नसावेत, हा त्यांचा आग्रह होता. शेतीच्या धड्यांसाठी शाळेला जोडून लहानसं नमुना शेत असावं, असंही त्यांनी सुचवलं. प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा, असं सांगणारा माणूस त्याच दमात शेताचा तुकडा मागत होता. गरिबाच्या मुलाला नुसती अक्षरओळख पुरे, असं त्याला वाटलं नाही.

ताराबाई मोडकांनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात बोर्डीला बालशिक्षणाचं काम उभं केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा या बायकांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. गुरं राखणारी वारली मुलं शाळेत येऊ शकत नव्हती, तर शाळा कुरणात गेली. कुरणशाळा! झाडं, पानं, गुरं, पक्षी, गाणी, सगळं शिकवण्याच्या कामी आलं. मुलाला ठाऊक असलेल्या गोष्टीपासून सुरुवात करायची, एवढं त्यांना पक्कं कळलं होतं. लीला पाटलांनी १९८५ साली कोल्हापुरात सुरू केलेलं सृजन आनंद विद्यालयही याच वाटेवरचं.

तेव्हा व्यापक अभ्यासक्रम ही कुठून तरी आणलेली चैन नाही. तो आपल्या मातीतला विचार आहे, आणि कायद्यातही आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं एकोणतिसावं कलम मुलाचा सर्वांगीण विकास, कृतीतून आणि शोधातून शिकणं, भीतीपासून मुक्ती आणि शक्य तिथवर मातृभाषेतून शिक्षण, हे सगळं अभ्यासक्रमाकडून मागतं. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने तिसरी ते पाचवीच्या टप्प्यात कला आणि शारीरिक शिक्षण भाषा-गणिताच्या रांगेत बसवलं आहे. बालभारतीचं ‘खेळू, करू, शिकू’ हे पुस्तक आहे, तिसरीच्या परिसर अभ्यासाची जिल्हावार पुस्तकं निघाली आहेत. कागदाची वाण नाही.

एक आक्षेप खरा आहे, तो टाळू नये. ‘चौथीतल्या पोराला धड वाचता येत नाही आणि तुम्ही मातीचे बैल करत बसा म्हणता?’ असं कुणी पालक म्हणाला तर त्याचा राग समजून घ्यायला हवा. वाचता न येणं हा मुलावरचा मोठा अन्याय आहे आणि तो आधी दूर झालाच पाहिजे. पण मूल वाचतं कशाच्या जोरावर? अक्षरं जोडता आली तरी विहीर, वाफा, मोट, पाणलोट यांतलं काहीच हाताळलेलं नसेल, तर परिच्छेद डोळ्यांसमोरून नुसता निघून जातो. परसबागेत मेथीचे वाफे मोजून आखणारं पोर क्षेत्रफळ शिकतं, आणि उगवण किती झाली ते वहीत लिहिताना लेखनही शिकतं. ज्याला सांगायला काही आहे तो लिहायला लागतो. सरावाच्या दहाव्या प्रश्नपत्रिकेपेक्षा हे जास्त पुरतं, असं माझं मत आहे.

दुसरी गोष्ट न्यायाची. ज्यांच्याकडे पैसे आहेत ते पालक शाळेबाहेर चित्रकलेचा क्लास लावतात, तबला लावतात, कराटे लावतात. (दहावीला रेखाकला परीक्षेचे वाढीव गुण मिळतात हे कळल्यावर चित्रकलेविषयीचं आपलं प्रेम कसं उफाळून येतं, ते आपण सगळे जाणतो!) ऊसतोड मजुराच्या, घरकाम करणाऱ्या बाईच्या मुलाला मात्र जे मिळायचं ते शाळेतच. शाळेतला तास गेला की त्याच्यापुरता तो विषयच संपला.

आणि सर्वांना सामावून घेण्याचा प्रश्न इथेच येतो. शाळा भाषा आणि गणित या दोनच गोष्टी मोजू लागली की बाकी सगळ्या गोष्टींत पुढे असलेली मुलं ‘मागे’ पडतात. मेळघाटातल्या कोरकू मुलीला रानातल्या भाज्या ओळखता येतात, पण त्यांची नावं तिला तिच्या भाषेत येतात. बीडहून आई-बापांबरोबर कारखान्याच्या तळावर गेलेला मुलगा मार्च-एप्रिलमध्ये परततो, तेव्हा त्याने दुसरा जिल्हा, दुसरी नदी, उसाचं वजन, उचलीचा हिशेब असं बरंच पाहिलेलं असतं. परिसर अभ्यासाच्या तासाला त्याला फळ्यापाशी उभं करा आणि बोलू द्या. आज आपण त्याला ‘बुडालेल्या अभ्यासाचा’ म्हणून मागच्या रांगेत बसवतो.

चालायला त्रास होणाऱ्या मुलीचंही तसंच. खेळाच्या तासाला तिला सगळ्यांच्या चपला राखायला झाडाखाली बसवायचं, ही आपली जुनी सवय. वर्गातल्या मुलांनाच विचारा, ‘हिच्यासह खेळायचं तर लंगडीचा नियम कसा बदलू?’ मुलं झटकन नियम शोधतात. आपण मोठी माणसंच अडखळतो.

एक सावधगिरी हवी. कुंभाराच्या मुलाने मडकी करावीत आणि सावकाराच्या मुलाने ती रंगवावीत, असा कार्यानुभव नको. चाकावर सगळ्यांनी बसायचं आणि झाडूही सगळ्यांनी धरायचा. नाही तर जुनीच उतरंड आपण नव्या तासिकेत मांडू.

मग करायचं काय? पुष्कळ करता येतं, आणि बहुतेकाला पैसे लागत नाहीत.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. कायद्याने शाळेचा विकास आराखडा करण्याचा अधिकार या समितीला दिलाय. म्हणजे आपल्याला! तो आराखडा सहसा संरक्षक भिंत, स्वच्छतागृह आणि पत्र्यांवर संपतो. ते हवंच, पण त्यात रंग, ढोलकी, चेंडू, कुदळ-खुरपी आणि गोष्टीची पुस्तकंही लिहू या. आणि दर सभेत एकच साधा प्रश्न विचारू या: गेल्या महिन्यात कला, कार्यानुभव आणि खेळाचे किती तास झाले? आवाज चढवायची गरज नाही. सरांनी ‘चार ठरले होते, एक झाला’ असं खरं सांगितलं तर त्यांचे आभार मानू आणि पुढचा प्रश्न विचारू, बाकीचे होण्यासाठी आम्ही काय करू?

कारण करण्यासारखं गावात खूप आहे. सुतारकाम करणारे काका, गोधडी शिवणाऱ्या मावशी, जात्यावरच्या ओव्या पाठ असलेली आजी, भजनी मंडळातला मृदंग वाजवणारा. महिन्यातून एक तास एकेकाने दिला तरी वर्ष भरतं. मुलांच्या घरच्या बोलीतले शब्द, अहिराणी असो, पावरी असो की कातकरी, पालकांनी सांगायचे आणि मुलांनी चित्रासह वर्गाच्या भिंतीवर लावायचे. बाईंनाही त्यातले काही नवे असतील, आणि मुलांना बाईंना शिकवायला फार आवडतं.

शिक्षकांचा वेळ राखणं हेही आपलंच काम आहे. जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणूक सोडून इतर अशैक्षणिक कामं त्यांना देऊ नयेत, असं कायद्याचं सत्ताविसावं कलम सांगतं. शिक्षक एकटे बोलले तर कुरकुर ठरते, गावाने ठराव केला तर मागणी होते.

गाव सोडून पुण्या-मुंबईला, दुबईला, अमेरिकेला गेलेल्या आपल्या माणसांनाही हाक मारू या. दहा वर्षांपूर्वी शाळा डिजिटल करायची लाट आली, तेव्हा गावोगाव लोकवर्गणी जमली, भिंती रंगल्या, पडदे लागले. लोकांना शाळेसाठी द्यायचं असतं, हे तेव्हाच दिसलं. या वेळी पडद्याऐवजी वाद्यं आणि पुस्तकं मागू.

वेळही हीच आहे. २०२५-२६ मध्ये पहिलीपासून सुरू झालेला नवा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने पुढच्या इयत्तांत जायचा आहे. त्याच वर्षी पहिलीपासूनच्या तिसऱ्या भाषेवरून लोक एवढे बोलले की २९ जूनला सरकारने आपले निर्णय मागे घेतले. त्या वादात कोण कुठल्या बाजूला होतं ते सोडा. पहिलीचं मूल काय शिकणार, हा विषय चहाच्या टपरीवर बोलला गेला, हे मला फार मोलाचं वाटतं. त्यातला थोडा जोर आता पूर्ण वेळापत्रकासाठी लावू.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. यांतली जी ग्रामसभा आधी येईल, तिच्या विषयपत्रिकेवर शाळेचं वेळापत्रक आणू या. त्यासाठी सभेच्या पुरेसे दिवस आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीच्या ग्रामसेवकांकडे) लेखी अर्ज द्यावा. दोन ओळी पुरतात, आणि खाली पाच-सहा पालकांच्या सह्या असल्या की विषय बाजूला ठेवणं अवघड जातं. शहरात राहत असाल तर हाच अर्ज मुख्याध्यापकांना आणि वॉर्डाच्या नगरसेवकांना द्या. पोच घ्यायला विसरू नका.