‘तुम्ही कुणाबरोबर?’

दिवाळी आटोपली की परदेशी सहलींच्या जाहिराती सुरू होतात, आणि मग आमच्या सालेकसासारख्या गावातही चार घरांत पासपोर्टची चर्चा निघते. परवा शेजारच्या वहिनी आल्या. म्हणाल्या, “तुम्ही सिंगापूर-मलेशिया करून आलात ना? काय काय न्यायचं ते जरा लिहून द्या.” मी दशम्या-चटणीपासून डोकेदुखीच्या गोळीपर्यंत सगळी यादी करून दिली. पण एक गोष्ट त्या यादीत बसेना. ती आज इथे लिहिते.

मी काळी आहे. सावळी नाही, गव्हाळ नाही, काळीच. माझं लग्न ठरवताना ‘मुलगी बीए आहे’ हे वाक्य प्रत्येक ठिकाणी दोनदा सांगितलं जायचं, ते त्यामुळेच. १९७५ साली बाजारात आलेलं ते गोरेपणाचं क्रीम आमच्या घरी माझ्या जन्माच्या आधीपासून होतं. २०२० साली कंपनीने त्याच्या नावातला ‘फेअर’ काढून टाकला. आपल्या बोलण्यातून मात्र तो अजून निघायचाच आहे.

तर, शाळेत तासिका तत्त्वावर शिकवून मिळालेले पैसे आणि भिशी मिळून आम्ही दोघांनी सहल ठरवली. मुलीला आजीकडे ठेवलं. हाजरा फॉलच्या सहलीपलीकडे माझी मजल कधी गेली नव्हती, त्यामुळे उत्साह काय सांगू! ग्रुप अठ्ठावीस जणांचा. नागपूरच्या विमानतळावर सगळे जमलो. हे सामानाच्या रांगेत होते, मी एका बाजूला उभी. भंडाऱ्याच्या एक सत्तरीच्या आजी शेजारी बसल्या होत्या. तेवढ्यात ग्रुपमधल्या एक बाई आल्या आणि विचारलं, “तुम्ही कुणाबरोबर? या आजींना सांभाळायला का?”

मी म्हटलं, “नाही, मिस्टरांबरोबर आलेय. सहलीला.” “अगं बाई, हो का!” म्हणून त्या हसल्या. मीही हसले. आपण हसतोच ना अशा वेळी?

पुढे हे हसणं वाढत गेलं. क्वालालंपूरला रात्री जुळ्या मनोऱ्यांसमोर फोटो काढायचा होता. एक गृहस्थ म्हणाले, “वहिनी, जरा दात दाखवा बरं, नाहीतर फोटोत कळणार नाही तुम्ही आहात ते!” बसमध्ये चढेपर्यंत लोक हसत होते. मैत्रिणींनो, खरं सांगू का, हे सुद्धा हसले. त्या रात्री मी अंग दुखतंय असं सांगून जेवायला गेले नाही.

सिंगापूरला ‘लिटल इंडिया’ भागात गेलो, तेव्हा मात्र जीव सुखावला. तमिळ ही तिथल्या चार राजभाषांपैकी एक. सेरंगून रोडवर माझ्याच रंगाच्या बायका झोकात चालल्या होत्या, केसांत मोगऱ्याचे भरघोस गजरे माळून. माझ्याकडे कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. त्या रस्त्यावर कालीमातेचं जुनं देऊळ आहे. आमच्या ग्रुपच्या बायका तिथे डोळे मिटून हात जोडून उभ्या राहिल्या. मनात आलं, काळी देवी चालते, पंढरीचा काळा विठोबा तर आपली माउलीच. मग शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या काळ्या बाईचंच एवढं हसू का यावं?

त्याच संध्याकाळी एका मोठ्या दुकानातून आम्ही रांगेने बाहेर पडत होतो. दारावरच्या माणसाने माझ्या पुढच्या दहा-बारा जणांना जाऊ दिलं आणि मला थांबवलं. पर्स उघडा म्हणाला. उघडली. सगळं टेबलावर काढायला लावलं: रुमाल, कुंकवाची डबी, गोळ्या, मुलीसाठी घेतलेली पेन्सिल-पेटी. पेटीचं बिल सापडेना. हे पुढे बसपाशी गेलेले. सहलीचा माणूस घड्याळ दाखवून म्हणाला, “मॅडम, लवकर आटपा, सगळे खोळंबलेत.” बाकीचे एकेक करून सटकले. परक्या देशात, भरल्या दुकानात, चोर ठरल्यासारखी मी एकटी उभी.

आणि मग भंडाऱ्याच्या आजी परत फिरून आल्या. त्यांनी आपली पिशवी धाडकन टेबलावर ठेवली आणि आपल्या हिंदीत म्हणाल्या, “मैं इसके साथ हूँ. इसका देखा ना, अब मेरा भी देखो.” तो माणूस गडबडला. आजी हटेनात. ते पाहून मागच्या दोघीजणीही वळल्या आणि त्यांनीही आपापल्या पर्स पुढे केल्या. तोवर मला बिल सापडलं, रुमालाच्या घडीत होतं. माणसाने हात जोडले. आम्ही चौघी बाहेर पडलो.

शाळेत १४ एप्रिलला मी मुलांना बाबासाहेबांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मधल्या आठवणी सांगते. त्यात १९३४ सालच्या एका सहलीची हकिगत आहे. बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी, सुमारे तीस जण, वेरूळ बघायला निघाले होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्याशी हौदावर त्यांनी हात-तोंड धुतलं, तर पाणी बाटवलं म्हणून लोक अंगावर धावून आले. शेवटी किल्ला बघायला मिळाला, तो आत कुठेही पाण्याला शिवायचं नाही या अटीवर, हत्यारी शिपाई बरोबर घेऊन. तिकडे अमेरिकेत व्हिक्टर ग्रीन नावाच्या एका काळ्या पोस्टमनने १९३६ साली एक पुस्तिकाच काढली. कोणत्या गावात कोणतं हॉटेल, कोणती खाणावळ काळ्या प्रवाशाला आत घेते, त्याची यादी. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर काही वर्षांनी ती बंद झाली.

त्या लोकांनी सोसलं त्यापुढे माझं दुःख नखाएवढंही नाही, हे मला कळतं. पण एक फरक मनातून जात नाही. दौलताबादला त्या तीस जणांचा अपमान सगळ्यांचा मिळून होता. माझ्या अठ्ठावीस जणांत मी एकटी होते. दारावरच्या माणसाने मला पाच मिनिटं वेगळं काढलं. माझ्या माणसांनी मात्र नागपूरपासूनच काढलं होतं.

घरी आल्यावर मुलीने मोबाइलवरचे फोटो पाहिले. ती सातवीत आहे, माझ्याच रंगाची. “आई, तू कुठे आहेस यात?” खरंच, बहुतेक फोटोंत मी मागे, कुणाच्या तरी खांद्याआड. माझी मीच गेले होते मागे. हे शेजारी बसले होते. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “त्या रात्री मी हसायला नको होतं.” मी लगेच ‘जाऊ द्या’ म्हटलं नाही. इतकी वर्षं तेच म्हणत आले होते.

तेव्हा वहिनींच्या यादीत हे चार शब्द जोडते. परदेशात प्रत्येक खरेदीचं बिल पर्समध्ये एकाच कप्प्यात ठेवा. पासपोर्टची झेरॉक्स वेगळी ठेवा. सिंगापूर-मलेशियात आपल्या वकिलातीला उच्चायुक्तालय म्हणतात, त्याचा फोन नंबर लिहून घ्या. झडती घ्यायची म्हणाले तर बाई कर्मचारी मागा, कारण विचारा, आणि ग्रुपमधल्या एकीला तरी थांबवून घ्या. नवऱ्याला ‘तुम्ही व्हा पुढे’ म्हणू नका.

आणि ग्रुपमध्ये माझ्यासारखी एखादी असेल, तर तिला ‘तुम्ही कुणाबरोबर?’ असं विचारू नका. वेळ आलीच, तर आजींसारखं तिच्या शेजारी जाऊन उभ्या राहा. सामानात त्याचं वजन होत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मुलीला घेऊन कुठेतरी जायचं ठरतंय. फोटोत आम्ही दोघी पुढच्या रांगेत उभ्या राहणार आहोत.