तीन मुकुट आणि रिकामी तिजोरी

महिला हँडबॉलच्या युरोपीय चॅम्पियन्स लीगचा २०२४-२५ चा हंगाम नोंदवहीत ग्योर या हंगेरियन क्लबच्या नावे लागला. १ जून २०२५ रोजी बुडापेस्ट येथे झालेल्या अंतिम सामन्यात ग्योरने डेन्मार्कच्या ओडेन्सचा २९-२७ असा पराभव केला आणि आपले सातवे विजेतेपद मिळविले. तथापि या हंगामातील सर्वांत मोठी घटना तोवर घडून गेली होती. जानेवारी २०२५ मध्ये नॉर्वेचा व्हायपर्स क्रिस्टियानसांड हा क्लब दिवाळखोरीत निघाला. गटसाखळी अर्ध्यावर असताना त्याने स्पर्धा सोडली आणि त्याच्या सामन्यांचे निकाल रद्द ठरविण्यात आले.

व्हायपर्स हा कोणी दुय्यम संघ नव्हता. २०२१, २०२२ आणि २०२३ अशी सलग तीन वर्षे युरोपचा मुकुट त्याच्याकडे होता. पहिल्या वर्षी फ्रान्सच्या ब्रेस्तला ३४-२८, दुसऱ्या वर्षी ग्योरला ३३-३१ आणि तिसऱ्या वर्षी बुडापेस्टच्या फेरेन्त्स्वारोशला २८-२४ असे नमवून त्याने ही कामगिरी केली. तिसऱ्या विजेतेपदानंतर दोन वर्षेही उलटली नाहीत, तोच हा क्लब अस्तित्वासाठी धडपडू लागला. ऑक्टोबर २०२४ मध्येच तो बुडण्याच्या काठावर आला होता. त्या वेळी तात्पुरती मदत मिळाली, खेळाडूंनी वेतनकपात स्वीकारली आणि संकट काही महिने पुढे ढकलले गेले, एवढेच. मैदानावर जिंकणारा संघ हिशेबाच्या वहीत का हरतो, हा प्रश्न त्यामुळे टाळता येण्याजोगा राहिलेला नाही.

हँडबॉल हा खेळ आपल्याकडे शालेय स्पर्धांच्या पलीकडे फारसा पाहिला जात नाही. उत्तर व पूर्व युरोपात मात्र त्याला, विशेषतः महिलांच्या हँडबॉलला, मोठा मान आहे. बंदिस्त सभागृहात सात-सात खेळाडूंचे दोन संघ, तीस मिनिटांचे दोन भाग आणि एका सामन्यात दोन्ही बाजूंनी मिळून पन्नास-साठ गोल, असा त्याचा वेगवान थाट असतो. महिलांची युरोपीय क्लब स्पर्धा १९६०-६१ पासून खेळली जाते. सोव्हिएत काळात कीव्हच्या स्पार्ताकने ती तेरा वेळा जिंकली. १९९३-९४ पासून तिला चॅम्पियन्स लीगचे रूप आले आणि त्याबरोबर व्यावसायिकताही आली. ही व्यावसायिकता अर्धवट आहे आणि दुखणे तेथेच आहे.

आकड्यांकडे पाहिले तर हे स्पष्ट होते. स्पर्धेची अखेरची फेरी बुडापेस्टच्या एमव्हीएम डोममध्ये सुमारे वीस हजार प्रेक्षकांसमोर रंगते. व्हायपर्सचे स्वतःचे मैदान मात्र दोन हजारांच्या आसपास प्रेक्षक बसतील एवढेच. हंगामातील बहुतेक सामने अशाच लहान सभागृहांत होतात. तिकीटविक्रीतून येणारे उत्पन्न त्यामुळे मर्यादित राहते. दूरचित्रवाणीच्या हक्कांतून फुटबॉलच्या तुलनेत किरकोळ रक्कम येते. उरतो तो प्रायोजक आणि महापालिका किंवा शासन यांचा आधार.

त्याहून महत्त्वाचा एक फरक सहसा ध्यानात घेतला जात नाही. अडचणीत आलेला फुटबॉल क्लब आपला नामवंत खेळाडू विकून वर्षभराची तूट भरून काढू शकतो, कारण तेथे खेळाडू ही क्लबची मालमत्ता असते. हँडबॉलमध्ये खेळाडू बहुधा करार संपवूनच क्लब बदलतात, त्यामुळे हस्तांतराची रक्कम नगण्य असते. याचा अर्थ असा की, विजेता संघ उभारण्यासाठी ओतलेला पैसा परत मिळण्याचा मार्गच नसतो. व्हायपर्सकडे एके काळी नोरा मॉर्क, कात्रिने लुंडे यांच्यासारख्या खेळाडू होत्या. लुंडे ही तर क्रिस्टियानसांडमध्येच जन्मलेली गोलरक्षक. व्हिबोर्ग, ग्योर व व्हायपर्स अशा तीन क्लबांकडून मिळून तिने ही स्पर्धा सात वेळा जिंकली. अशा नावांमुळे सभागृहे भरतात, ताळेबंदात मात्र त्यांच्यासमोर केवळ खर्चाचा रकाना असतो. जिंकल्यावर तो रकाना वाढतो, कारण विजेत्या खेळाडूला अधिक वेतन देणारे दुसरे क्लब वाट पाहतच असतात. त्यातच नॉर्वेच्या क्रोनचे मूल्य युरोच्या तुलनेत घसरत गेले. परदेशी खेळाडूला पूर्वीइतकेच युरो द्यायचे तर अधिक क्रोन मोजावे लागत होते.

हे संकट एकट्या व्हायपर्सचे असते तर त्याचा दोष व्यवस्थापनाच्या माथी मारून मोकळे होता आले असते. गेल्या पंधरा वर्षांतील अंतिम फेऱ्या आठवल्या तर वेगळेच चित्र दिसते. २०१० च्या अंतिम फेरीत व्हिबोर्गकडून हरलेला रुमानियाचा ओल्टकिम हा क्लब शासनाच्या मालकीचा मोठा वाटा असलेल्या रासायनिक कारखान्यावर पोसला गेला होता. जानेवारी २०१३ मध्ये कारखाना नादारीत गेला आणि त्याच वर्षी संघ मोडला. त्या हंगामातही तो युरोपच्या उपांत्य फेरीत पोहोचला होता, हे विशेष! २०११ च्या अंतिम फेरीतील पराभूत संघ इचाको. स्पेनच्या नवार प्रांतातील एका छोट्या गावाचा हा क्लब देशातील आर्थिक मंदीत काही वर्षांतच नाहीसा झाला. त्याला हरवणारा नॉर्वेचा लार्विकदेखील २०१७ मध्ये आर्थिक गर्तेत सापडला आणि आपल्या नामवंत खेळाडूंना मुकला.

स्कोप्येच्या वार्दार क्लबची कथा सर्वांत बोलकी आहे. २०१७ आणि २०१८ अशा लागोपाठ दोन अंतिम सामन्यांत हा संघ ग्योरकडून हरला, दोन्ही वेळा जादा वेळेत आणि दोन्ही वेळा अवघ्या एका गोलाने. संघाचा सारा डोलारा सर्गेई सामसोनेंको या एका रशियन उद्योगपतीवर उभा होता. त्याने हात आखडता घेतला आणि २०१८ च्या उन्हाळ्यात उपविजेता संघ विखुरला. एक चेंडू इकडचा तिकडे पडला असता तर युरोपच्या विजेत्या संघाचीही गत तीच झाली असती, यात संशय नाही.

मग ग्योर कसा टिकला? या प्रश्नाचे उत्तर क्लबच्या कौतुकात शोधण्यात अर्थ नाही. त्याच्या नावातच ते आहे : ग्योरी आउडी ईटीओ. १९९३ पासून या शहरात आउडीचा प्रकल्प असून त्यावर शहराचे अर्थकारण अवलंबून आहे. शिवाय हंगेरीत २०११ पासून अशी कररचना आहे की, कंपन्यांना आपल्या कंपनीकराचा काही भाग ठरावीक सांघिक खेळांच्या संस्थांकडे वळविता येतो. फुटबॉल, बास्केटबॉल, वॉटर पोलो, आइस हॉकी आणि हँडबॉल हे त्यांतील मूळ पाच खेळ. युवा संघ आणि सुविधांवरील खर्च अशा मार्गाने भागला की वरिष्ठ संघाच्या वेतनासाठी प्रायोजकाचा पैसा मोकळा राहतो. सार्वजनिक पैसा अशा रीतीने क्लबांकडे वळविण्यावर हंगेरीत पारदर्शकतेच्या मुद्द्यावरून बरीच टीका झाली आहे आणि ती अनाठायी म्हणता येणार नाही. तरीही २०२५ च्या अंतिम सामन्यात ब्राझीलची ब्रूना दे पाउला किंवा फ्रान्सची एस्तेल न्झे मिंको यांच्या दर्जाच्या खेळाडू ग्योरकडे होत्या, यामागे ही व्यवस्था आहे. ग्योरचे स्थैर्यही स्वकष्टार्जित नाही, फक्त त्याचा आश्रयदाता अधिक भरवशाचा आहे. मोटार उद्योगाचे दिवस पालटले अथवा बुडापेस्टमधील शासनाचे धोरण बदलले, तर ग्योरलाही चिंता पडेल.

२०२४-२५ च्या हंगामावर याचा परिणाम कसा झाला, तेही पाहण्याजोगे आहे. आठ संघांच्या दोन गटांतून प्रत्येकी सहा संघ पुढे जातात. एक संघ गळाल्यावर त्या गटात सातच उरले आणि चौदा फेऱ्यांची झुंज खेळून एकाच संघाला बाहेर पडावे लागले. व्हायपर्सला हरविण्यासाठी घाम गाळलेल्यांचे गुण गेले, तर त्याच्याकडून हरलेल्यांचा पराभव पुसला गेला. नियमानुसार हे योग्यच असेल. पण क्रीडास्पर्धा म्हणून तिच्या विश्वासार्हतेला त्यामुळे धक्का बसला, हे नाकारण्यात अर्थ नाही. व्हायपर्सला तिन्ही मुकुट मिळवून देणारे प्रशिक्षक ओले गुस्ताव येकस्टाड हे २०२३ मध्येच ओडेन्सकडे गेले होते आणि त्याच संघाने जूनमध्ये ग्योरशी अंतिम लढत दिली. २०१० नंतर डेन्मार्कचा संघ अंतिम फेरीत पोहोचण्याची ही पहिलीच वेळ. क्रिस्टियानसांडमध्ये घडलेले कसब अशा रीतीने दुसऱ्यांच्या कामी आले.

हंगाम संपल्यावर आणखी एक धक्का बसला. २०२४ च्या अंतिम फेरीत ग्योरकडून २४-३० असा हरलेला जर्मनीचा बीटिगहाइम क्लब त्याच वर्षी लुडविग्सबुर्ग येथे स्थलांतरित झाला होता. २०२५ मध्ये त्याने जर्मन विजेतेपदही राखले. पण जुलैमध्ये त्याने नादारीचा अर्ज केला आणि नवा हंगाम सुरू होण्यापूर्वीच जर्मन लीग व चॅम्पियन्स लीग दोन्हींतून माघार घेतली. राष्ट्रीय संघातील खेळाडूंना ऐन वेळी नवा क्लब शोधावा लागला, तेही मायदेशात जागतिक स्पर्धा तोंडावर आलेली असताना. डिसेंबरमध्ये त्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात येकस्टाड यांच्या मार्गदर्शनाखालील नॉर्वेने जर्मनीला २३-२० असे हरविले. ज्या दोन देशांचे आघाडीचे क्लब एका वर्षात कोसळले, त्याच देशांचे संघ जगात पहिले व दुसरे आले! राष्ट्रीय संघाला देशाचे पाठबळ असते. क्लबला आपला आश्रयदाता दर वर्षी नव्याने शोधावा लागतो.

युरोपीय महासंघ चॅम्पियन्स लीगमधील प्रवेशासाठी सभागृह, प्रक्षेपण, प्रेक्षकसंख्या, पूर्वीची कामगिरी आणि समाजमाध्यमांवरील उपस्थिती यांना महत्त्व देतो. हे सारे निकष क्लबने खर्च वाढवावा असेच सुचविणारे आहेत. हंगामापूर्वी बँकेची हमी घेणे, वेतनखर्चाचे उत्पन्नाशी प्रमाण बांधून देणे असे उपाय सुचणे साहजिक आहे. फ्रान्समध्ये व्यावसायिक क्लबांच्या अंदाजपत्रकाची छाननी करणारी समिती आहे आणि मेत्ससारखा जुना क्लब तेथे वर्षानुवर्षे युरोपच्या वरच्या फळीत टिकून आहे. मात्र परवाना पद्धत जर्मन लीगमध्येही आहे आणि तिला लुडविग्सबुर्गची घसरण वेळीच रोखता आली नाही. कागदावरील प्रायोजकाचे आश्वासन आणि खात्यात जमा झालेला पैसा यांत फरक न करणारी छाननी निरुपयोगी असते. दुसरी अडचण याहून कठीण आहे. निकष खरोखर कडक केले, तर हंगेरी, फ्रान्स, डेन्मार्क आणि महापालिकेच्या बळावर चालणारा एखादा बुखारेस्टचा क्लब एवढेच उमेदवार उरतील. माँटेनेग्रो, स्लोव्हेनिया, उत्तर मॅसेडोनिया यांसारख्या छोट्या देशांना, ज्यांच्या क्लबांनी या स्पर्धेत विजेतेपदे व उपविजेतेपदे मिळविली आहेत, दाराबाहेर उभे राहावे लागेल. महासंघाला आज वीस हजारांचे भरलेले सभागृह आणि सोळा संघांची यादी दोन्ही हवी आहेत.