नाकाचे औषध नाकातच

जूनच्या सरी पडल्या की हुबळी-धारवाडच्या रिकाम्या भूखंडांवर आणि रुळांच्या कडेने काँग्रेस गवत माजते आणि महिना-दीड महिन्यात फुलोऱ्यावर येते. त्यामागोमाग आपल्या दवाखान्यांत शिंकणाऱ्यांची गर्दी होते. पुण्यात १९५६च्या सुमारास नोंदल्या गेलेल्या या तणाने दख्खन कधीच व्यापले. बंगळुरूच्या संशोधकांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ऱ्हायनायटिसच्या ३४ टक्के रुग्णांची त्वचाचाचणी याच गवताच्या परागांना होकारार्थी आली होती. कारण ओळखीचे आहे, हंगाम ठरलेला आहे. तरी दरवर्षी औषधपत्रावर पहिली ओळ लेव्होसेट्रिझिन-मॉन्टेलुकास्टचीच असते.

'फवारा लोकांना नको असतो' हे त्यावरचे आपले ठरलेले उत्तर. आमचे मत थोडे कडवट आहे: फवारा आपल्यालाच नको असतो. गोळी लिहायला दहा सेकंद पुरतात, फवारा शिकवायला दोन मिनिटे लागतात, आणि सोमवारच्या बाजारपेठेतल्या दवाखान्यात ती दोन मिनिटे महाग पडतात.

पुराव्याबद्दल आता फारसा वाद नाही. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १९९८ साली आलेल्या विश्लेषणात १६ चाचण्या आणि २,२६७ रुग्ण होते. नाक चोंदणे, गळणे, शिंका, खाज या सगळ्यांत नाकातले स्टिरॉइड तोंडावाटेच्या अँटिहिस्टामिनपेक्षा सरस ठरले. डोळ्यांच्या लक्षणांत दोघांत फरक आढळला नाही. म्हणजे 'डोळेही खाजतात, म्हणून गोळीच बरी' हा युक्तिवादही टिकत नाही. बारा वर्षांवरील हंगामी रुग्णांत सुरुवात एकट्या फवाऱ्याने करावी, सोबत गोळी जोडू नये, असे अमेरिकी तज्ज्ञांच्या संयुक्त गटाने २०१७ साली सांगितले. आणि रुग्ण रोज मारणार नाही, लागेल तेव्हाच मारेल, अशी शंका असेल तर शिकागोचा २००१चा अभ्यास आठवावा. त्यात तशा अधूनमधून वापरातही फ्लुटिकासोन लोराटाडिनपेक्षा वरचढ ठरले होते.

खरी अडचण 'स्टिरॉइड' या नावाच्या धास्तीची आहे. ही धास्ती रुग्णाला असते तशी आपल्यालाही असते, आणि ती विचित्र ठिकाणी उगवते. नाकात २०० मायक्रोग्रॅम फ्लुटिकासोन द्यायला कचरणारा हात हंगामाच्या ऐन भरात ४० मिलिग्रॅम ट्रायमसिनोलोनचे इंजेक्शन सहज देतो. जरा हिशेब करू. फ्लुटिकासोन प्रोपिओनेटचा २ टक्क्यांहून कमी भाग रक्तात पोचतो. रोजच्या २०० मायक्रोग्रॅमपैकी फार तर ४. वर्षभर एकही दिवस न चुकता मारले तरी दीड मिलिग्रॅमच्या आत. दोन रेणूंची ताकद सारखी नाही, हे कबूल. पण एका सुईत जाणारे चाळीस मिलिग्रॅम आणि आठवडेच्या आठवडे दबलेली अधिवृक्क ग्रंथी यांच्यापुढे ही तुलना फार ताणावी लागत नाही. मधुमेही रुग्णाला असे इंजेक्शन दिल्यावर साखर कुठे जाते, हे वेगळे सांगायला नको.

फवाऱ्यांतही भेद आहेत. मोमेटासोन आणि फ्लुटिकासोन रक्तात नगण्य जातात, बेक्लोमेथासोन बरेच अधिक. वर्षभर रोज बेक्लोमेथासोन घेणाऱ्या मुलांची उंची सुमारे ०.९ सेंटिमीटरने कमी वाढल्याचे २००० साली दिसले होते; म्हणून लहान मुलांसाठी पहिल्या दोहोंपैकी एक निवडावे. उलट, रिटोनाविर घेणाऱ्या एचआयव्ही रुग्णाला फ्लुटिकासोन देऊ नये. यकृतातला त्याचा निचरा अडतो आणि चेहरा गोल होईपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. तिथे बेक्लोमेथासोन चालते.

आता ती दोन मिनिटे. नाक आधी शिंकरून घ्यावे. मान मागे टाकू नये, किंचित पुढे झुकवावी. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, डाव्या हाताने उजव्या. म्हणजे टोक आपोआप पडद्यापासून दूर, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे वळते. जोरात ओढू नये. औषध घशात उतरले तर ते वाया गेले. घोळणा फुटण्याच्या बहुतेक तक्रारी टोक पडद्यावर रोखल्याने येतात. आणि पहिल्याच दिवशी बजावावे की पूर्ण गुण यायला आठवडा-दोन आठवडे लागतात. तिसऱ्या दिवशी 'काही फरक नाही' म्हणून बाटली कपाटात जाते आणि ओट्रिव्हिन बाहेर येते, ते हे न सांगितल्यामुळे. ते पाच दिवसांपलीकडे गेले की नाक त्याच्याशिवाय उघडेनासे होते.

गोळीची जागा नाही असे नव्हे. त्रास सौम्य आणि क्वचित असेल, खाज-शिंका जास्त आणि चोंदणे कमी असेल, अंगावर पित्त उठत असेल, तर गोळी द्यावीच. ती तासाभरात काम करते. पण कोणती, हे हुबळीत विशेष जपायला हवे. नैर्ऋत्य रेल्वेचे मुख्यालय इथे, वायव्य कर्नाटक परिवहन महामंडळाचेही इथेच. आपल्या बाकावरच्या अनेकांच्या हाती गाडीचे चाक असते. त्यांना क्लोरफेनिरामिन नको, सेट्रिझिनही जपून. फेक्सोफेनाडिन द्यावे, फळांच्या रसाबरोबर न घेण्याची ताकीद देऊन. मॉन्टेलुकास्टला मात्र सवयीने जोडू नका. मनःस्थितीवरील दुष्परिणामांमुळे अमेरिकी औषध प्रशासनाने २०२० साली त्यावर चौकटीतला इशारा छापायला लावला, आणि निव्वळ नाकाच्या त्रासासाठी त्याचा लाभ तोकडा आहे.

ज्यांचा हंगाम आपल्याला ठाऊक आहे, त्यांना जूनअखेरच बोलावून फवारा सुरू करावा. दोन आठवडे नीट मारूनही नाक मोकळे झाले नाही तर गोळ्या वाढवण्याआधी टॉर्च घेऊन नाकात बघा: वाकडा पडदा, पॉलिप. एकाच बाजूचे नाक बंद असेल किंवा स्रावात रक्त दिसले, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे चिठ्ठी द्या.