तो कुठं लिहू?



चिरनेर म्हटलं की १९३० चा जंगल सत्याग्रह आठवतो. मी तिथे गेले होते ते बाळंतपणाच्या सोयींची माहिती गोळा करायला. बैठक उठली तरी एक जण मागे रेंगाळली. हळूच म्हणाली, "ताई, तुमच्या कागदावर 'मुलं किती' एवढंच आहे. माझा पहिला नवव्या महिन्यात पोटातच गेला. तो कुठं लिहू?"

मग ती बोलत राहिली. त्यानंतर तिला कुणी डोहाळजेवणाला बोलावलं नाही. ओटी भरायला पुढे होऊ दिलं नाही. नवऱ्याने बाळ पुरलं आणि तिसऱ्या दिवशी तो कामावर गेला. त्याला तर कुणी काही विचारलंच नाही.

मूल गेल्याचं दुःख वेगळं आणि 'हिचंच काहीतरी चुकलं असणार' या नजरेचं ओझं वेगळं. हे ओझं मोजण्यासाठी ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी प्रश्नावली तयार केली आहे. मोजायला हवंच. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०१९ साली जगात सुमारे १९ लाख मुलं मृत जन्मली, त्यातली सुमारे ३ लाख ४० हजार भारतात. १९६९ च्या कायद्याने मृत जन्माचीही नोंद व्हायला हवी. २०१४ च्या सरकारी आराखड्यात हे प्रमाण २०३० पर्यंत हजारी दहाच्या खाली आणायचं ठरलं. पण आईबापांच्या वाट्याला पुढे काय येतं, त्याचा रकाना कुठेच नाही.

तरीही परक्या प्रश्नावलीचं नुसतं भाषांतर पुरणार नाही. 'तुम्हाला लाज वाटते का?' याला सासूसमोर बसलेली बाई 'नाही' असंच म्हणणार. आपण विचारावं : बाळ तुम्हाला पाहू दिलं का? त्यानंतर हळदीकुंकवाचं बोलावणं आलं का? दवाखान्यात कारण कुणी समजावून सांगितलं का? नवरा कुणाजवळ मोकळा झाला का? आणि हे एकांतात, तिची तयारी असेल तरच विचारावं. उत्तरं घेऊन निघून जायचं नाही, परत जायचं.

आपल्या चळवळीनेही हा विषय टाळला, हे कबूल करायला हवं. पोटातल्या बाळाच्या दुःखाबद्दल बोललो तर गर्भपाताच्या विरोधकांना बळ मिळेल, अशी भीती मलाही वाटत आली. पण नको असलेलं गर्भारपण नाकारणारी आणि हवं असलेलं मूल गमावलेली, दोघींनाही समाज एकाच वाक्याने गप्प करतो : दोष तुझाच. मग एकीच्या बाजूने बोलताना दुसरीला का विसरायचं?

त्या दिवशी मी कागदाच्या कडेला पेनाने एक रकाना आखला. तिने त्यात आकडा लिहिला नाही. बाळासाठी मनात ठरवलेलं नाव लिहिलं.

तुमच्या गटाच्या कागदावर हा रकाना आहे का? जरूर कळवा.