दि. बा. दिल्लीला गेले, आपला कागद कुठं आहे?

जानेवारी १९८५ मध्ये जासईच्या गोळीबाराला वर्ष झालं. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध उभ्या राहिलेल्या उरणच्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पाच माणसं गेली. त्या लढ्याचे पुढारी दि. बा. पाटील नंतर खासदार झाले. डिसेंबर १९८४ च्या निवडणुकीत महाराष्ट्रातल्या ४८ पैकी ४३ जागा काँग्रेसनं नेल्या, पण कुलाबा मतदारसंघानं शेतकरी कामगार पक्षाच्या दि. बां.नाच पाठवलं.

वाड्यांवर फिरताना म्हातारी माणसं विचारतात, "ह्यो पाटील कोन? आपल्या काय कामाचा?" म्हणून हे लिहितो.

दि. बा. जासईचेच. जन्म १९२६ चा. शिकून वकील झाले. १९५७ ला आमदार झाले, पनवेलातून पाच वेळा निवडून आले. १९७२ पासून १९७७ पर्यंत विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. १९७७ ला पहिल्यांदा लोकसभेत गेले. पदं पुष्कळ झाली. आम्हाला मोठी वाटते ती वेगळीच गोष्ट. १९७० ला सिडको आली, नवी मुंबईसाठी पनवेल, उरण, ठाण्याकडची ९५ गावं धरली. कागदावर सगळं कायद्यानं चाललं होतं, नोटीस, मोबदला, अंगठा. कायदा शिकलेल्या माणसानंच उठून सांगितलं की हा भाव मान्य नाही, रस्त्यावर या. वकील म्हटला की आपण तारीख आणि फी एवढंच ओळखतो. तसे आपल्या कर्जतला माथेरानचे भाई कोतवालही वकीलच होते, २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडच्या रानात गोळी खाऊन गेले.

पण जासईचा शेतकरी आणि आपण, यात फरक आहे तो लपवून चालणार नाही. त्याच्याकडं सातबारा होता. भांडण भावाचं होतं, जमीन कुणाची याचं नव्हतं. आपल्याला तर पहिलं हेच सांगावं लागतं की ही जमीन आम्ही कसतो. दळीचा पट्टा एकाच्या नावावर आणि नाचणी-वरई पिकवणारी घरं दहा. खाजगी रानात बापजाद्यांनी राब केला, ते रान १९७५ च्या कायद्यानं सरकारजमा झालं, आणि आपण एका रात्रीत अतिक्रमणवाले झालो. उद्या इथं धरण आलं, कारखाना आला, तर मोबदला कुणाला मिळणार? ज्याचं नाव कागदावर त्याला.

आता दिल्लीचं काय ते बघा. २७ डिसेंबर १९७८ ला राज्य सरकारनं ठराव काढला, की ३१ मार्च १९७८ पर्यंत जंगलजमीन कसणाऱ्यांची अतिक्रमणं नियमित करायची. आपण अर्ज केले. मग १९८० ला केंद्राचा वनसंवर्धन कायदा आला. जंगलजमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर आधी दिल्लीची परवानगी पाहिजे. तेव्हापासून कचेरीत गेलं की साहेब वर बोट दाखवायचे, "आमच्या हातात नाय, दिल्लीत विचारा." बरं, दिल्लीत कोण विचारणार? आमदार तिथं बोलू शकत नाही. खासदार बोलू शकतो, आणि हा खासदार वकील होता, ठरावाची तारीख आधीची आणि कायद्याची नंतरची, एवढं त्याला समजवावं लागणार नव्हतं.

म्हणून संघटनेनं तेव्हा ठरवलं की दि. बां.ना भेटायचं. हार घालायला नाही. रिकाम्या हातानंही नाही. जंगलजमिनीचा प्रश्न लोकसभेत मांडा, असं सांगायचं तर मागं यादी पाहिजे. प्रत्येक वाडीनं बसून लिहून काढा: कसणाऱ्याचं नाव, बाईचंही नाव, किती जागा, कुठल्या साली पहिल्यांदा नांगर लावला, अर्ज कधी केला. फॉरेस्टवाल्यांनी दंड केला असेल त्याच्या पावत्या जपून आणा. दंड भरताना जीव जळाला, पण त्या पावतीवर तारीख आहे, १९७८ च्या आधीची असली तर सोन्यासारखी. पावती उंदरांनी खाल्ली असेल तर तसंही लिहा, आणि शेजारच्या दोघांच्या सह्या किंवा अंगठे घ्या. यादी होळीच्या आत आपल्या भागातल्या कार्यकर्त्याकडं द्यावी.